स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि आम्ही दोघं: पहिल्या रिपोर्टपासून काय काय करायचं

त्या नऊ महिन्यांत ‘धीर धरा’ असं मला निदान शंभर जणांनी सांगितलं असेल. ह्यांनी एकदाही सांगितलं नाही. रिपोर्ट हातात आला त्या संध्याकाळी हे रावपुऱ्यात गेले आणि एक दोनशे पानी वही, एक फाईल आणि डिजिटल थर्मामीटर घेऊन आले. माझं सगळं आजारपण त्या तीन वस्तूंच्या भोवती पार पडलं. आत्ता हे लिहितानाही ती वही शेजारीच उघडी आहे.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मी निवृत्त शिक्षिका, तेव्हा एकोणसाठ वर्षांची. हे माझ्याहून चार वर्षांनी मोठे. ऑपरेशन जानेवारी २०२४ मध्ये झालं, केमो मार्चपासून सप्टेंबरपर्यंत चालली. हा आजार ज्या घरात येतो तिथे दोघांनी कोणतं काम कधी करायचं, ते मी इथे क्रमानं लिहिते आहे. पेशंट नवरा असो की बायको, कामं तीच असतात. औषधांचे डोस मात्र तुमचे डॉक्टर ठरवतील. इथले आकडे डॉक्टरांना नेमकं विचारता यावं यासाठी आहेत.

कावीळ आहे, पण दुखत काहीच नाही

स्वादुपिंड, म्हणजे पँक्रियाज, जठराच्या मागे आडवं असतं. त्याचं डोकं, धड आणि शेपूट असे भाग मानतात. डोक्याकडच्या भागातून पित्ताची नळी जाते. तिथे गाठ झाली की ती नळी दाबते, पित्त तुंबतं आणि कावीळ होते. लघवी गडद होते, शौचाचा रंग मातकट-पांढरट होतो, अंगाला विलक्षण खाज सुटते. ताप नाही, पोटात दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

आम्हीही राहिलो. जवळच्या एका डॉक्टरांनी साधी कावीळ समजून अठरा दिवस लिव्हरची औषधं दिली. शेजारच्या बाई काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता घेऊन आल्या. ते अठरा दिवस आजही मनातून जात नाहीत. म्हणून कळकळीनं सांगते: पन्नाशीच्या पुढच्या माणसाला न दुखणारी कावीळ झाली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. ‘नळीत अडथळा आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारा. गाठ धडात किंवा शेपटीत असेल तर कावीळ होतही नाही. मग वरच्या पोटातून पाठीत जाणारं, पुढे वाकून बसल्यावर जरा हलकं होणारं दुखणं, कारण नसताना उतरणारं वजन, किंवा उतारवयात अचानक उपटलेला मधुमेह, एवढ्याच खुणा असतात.

सोनोग्राफीत शंका आली की पुढचा सीटी स्कॅन खास स्वादुपिंडासाठीच्या पद्धतीनं करायचा असतो. जमलं तर तो स्टेंट, म्हणजे दाबलेली पित्तनळी उघडी ठेवणारी बारीक नळी, घालण्याआधीच करावा, कारण स्टेंट घातल्यावर आजूबाजूला सूज येते आणि चित्र धूसर होतं. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं प्रमाण, फार चढलेलं नसेल आणि ऑपरेशन लगेच व्हायचं असेल तर स्टेंट टाळताही येतो. हे विचारायचं काम ह्यांनी केलं. मला तेव्हा खाजेपुढे काही सुचत नव्हतं. स्टेंट बसवलाच तर तो प्लास्टिकचा की धातूचा हे वहीत लिहून ठेवा. प्लास्टिकचा साधारण तीन महिन्यांत बदलावा लागतो. स्टेंट असताना हुडहुडी भरून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसले तर तडक हॉस्पिटल गाठायचं. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर काही तासांत जिवावर बेततं.

सीए १९-९ नावाची, या कॅन्सरचा अंदाज देणारी रक्ततपासणी सगळीकडे लिहून देतात. काविळीत हा आकडा उगाच फुगतो, आणि काही माणसांच्या रक्तात तो मुळी तयारच होत नाही. पहिल्याच आकड्यावरून रात्रभर रडू नका. मी रडले होते.

वही

डावीकडचं पान रोजचं: वजन, ताप, साखर, किती वेळा शौचाला झालं आणि कसं, काय खाल्लं, कोणती गोळी किती वाजता. उजवीकडचं पान डॉक्टरांसाठी: मनात आलेला प्रश्न आला तसा लिहायचा आणि भेटीच्या आदल्या रात्री त्यातले तीनच निवडायचे. तीनच का? तपासणीच्या खोलीत पाच-सात मिनिटंच मिळतात आणि चौथ्या प्रश्नाला डॉक्टरांचा हात दुसऱ्या फाईलकडे गेलेला असतो. मी विचारायचे, हे लिहायचे. ऐकणारा आणि लिहिणारा वेगळा असला की घरी येऊन ‘डॉक्टर नक्की काय म्हणाले’ यावर वाद होत नाही.

फाईलमध्ये कागद तारखेप्रमाणे लावा, नवीन सगळ्यात वर. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. स्कॅनची सीडी प्रत्येक वेळी मागून घ्या. दुसरे सर्जन आधी तीच मागतात.

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही एक गोष्ट ठरवून लिहिली होती: मला काय कळलेलं हवं आहे आणि काय नको. आपल्याकडे अजूनही नातेवाईक डॉक्टरांना खुणावतात, पेशंटला सांगू नका. माझ्या दिरांनीही तसं सुचवलं होतं. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, आजार कुठवर आहे आणि उपचार काय आहेत ते सगळं मला कळलं पाहिजे. किती टक्के माणसं किती वर्षं जगतात, ते मी आपणहून विचारीन तेव्हाच. हे म्हणाले, ‘मग मी एकट्यानं विचारलं तर चालेल?’ मी हो म्हटलं. अशी परवानगी उघडपणे मागितली आणि दिली की नवरा-बायकोत चोरटेपणा राहत नाही. लपवलेलं कॅन्सरच्या पेशंटला कळतंच. दाराबाहेर आवाज खाली आला की कळतं.

आणखी एक. फोन. पहिल्या आठवड्यात ह्यांना दिवसाला तीस-चाळीस फोन यायचे. मग माझ्या नणंदेला आम्ही ते काम दिलं. ती दर रविवारी सगळ्या नातेवाइकांना एकच निरोप पाठवायची. ह्यांच्या दिवसातले दोन तास तरी वाचले.

कुठे जायचं, कोणाकडून करून घ्यायचं

स्कॅनवरून गाठीचे ढोबळ चार प्रकार सांगतात: काढता येण्यासारखी, काठावरची, जवळच्या रक्तवाहिन्यांना वेढून बसलेली, आणि लिव्हर वगैरेकडे पसरलेली. निदान होतं तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचीच गाठ काढता येण्यासारखी असते. काठावरच्या गाठीला आधी केमो देऊन मग ऑपरेशनचा विचार करतात. म्हणून ‘आत्ता ऑपरेशन नाही’ हे वाक्य ऐकलं की सगळं संपलं असं धरून चालू नका. ‘आत्ता’ या शब्दाचा अर्थ डॉक्टरांना विचारा.

डोक्याकडच्या गाठीसाठी व्हिपल नावाचं ऑपरेशन करतात. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनळीचा तुकडा आणि कधीकधी जठराचा काही भाग काढून उरलेलं सगळं पुन्हा जोडायचं. पाच ते आठ तास लागतात. ज्या ठिकाणी ही ऑपरेशनं वारंवार होतात तिथले निकाल चांगले असतात, हे जगभर दिसून आलं आहे. तेव्हा संकोच सोडून विचारा, ‘तुम्ही वर्षाला अशी किती करता?’ चांगले सर्जन या प्रश्नावर रागावत नाहीत. बडोद्याहून अहमदाबाद शंभर-एक किलोमीटर. तिथे असारव्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. मुंबईत परळला टाटा मेमोरियल आहे. आम्ही ऑपरेशन अहमदाबादला करून घेतलं आणि केमो बडोद्यात घेतली. दर चौदा दिवसांनी प्रवास करणं माझ्यानं झालं नसतं. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकमेकांशी एकदा तरी फोनवर बोलावं, असा आग्रह धरा.

ट्रेननं जाणार असाल तर रेल्वेची सवलत विसरू नका. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री टियर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्यात पंचाहत्तर टक्के सूट मिळते. त्यासाठी हॉस्पिटलकडून ठरावीक नमुन्यात दाखला घ्यावा लागतो.

बीआरसीए वगैरे जनुकांच्या तपासणीबद्दलही याच टप्प्यावर विचारून ठेवा, घरात कॅन्सरचा इतिहास नसला तरी. पेशंटच्या औषधांची निवड त्यावरून बदलू शकते आणि मुलांनाही त्याचा उपयोग होतो.

ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे

तारीख मिळाली की मधले दिवस वाट बघण्यात घालवू नका. रोज सकाळी हे मला कमाटीबागेत न्यायचे. आधी एक फेरी, मग दोन. तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र मिळतं, ते तासातासानं ओढायचं. ऑपरेशननंतर न्यूमोनिया टाळायला ती सवय फार उपयोगी पडते. तंबाखू, विडी, मिश्री जे असेल ते त्याच दिवशी बंद. शेपटीकडची गाठ असेल तर बहुतेक वेळा प्लीहाही काढतात. मग न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात.

हॉस्पिटलात आठ ते चौदा दिवस धरून चला. नाकात नळी, पोटाला ड्रेन, लघवीची नळी. पहिल्यांदा बघणारा नवरा घाबरतो. ह्यांनी ड्रेनमधल्या पाण्याचा रंग रोज वहीत लिहिला: गुलाबी, फिकट, मग मातकट. मातकट दिसलं त्या दिवशी सिस्टरला लगेच दाखवलं. जोडातून स्वादुपिंडाचा रस थोडा गळत होता. ही या ऑपरेशननंतरची नेहमीची अडचण आहे. माझ्या बाबतीत ड्रेन दहा दिवस जास्त ठेवून भागलं. जठरही काही दिवस सुस्त राहतं, खाल्लेलं पुढे सरकत नाही, उलट्या होतात; तेही हळूहळू मार्गी लागतं.

सोबतच्या माणसानं तिथे एक रात्र आड झोपायला घरी किंवा लॉजवर जावं. ह्यांनी पहिल्या चार रात्री खुर्चीत काढल्या, स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी दोनदा चुकवली आणि पाचव्या दिवशी कॉरिडॉरमध्ये भोवळ येऊन खाली बसले. त्यानंतर ह्यांच्या गोळ्यांचीही वेळ वहीत चढली.

काढलेल्या भागाचा बायोप्सी रिपोर्ट आठवड्यानं-दोन आठवड्यांनी येतो. डिस्चार्जच्या गडबडीत तो राहून जातो. त्यात कडा मोकळ्या आहेत का आणि किती लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) आजार सापडला, या दोन ओळींवर पुढची केमो ठरते.

ताटात मिठाच्या आधी कॅप्सूल

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ती. ऑपरेशन होवो न होवो, या आजारात स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडतात. खाल्लेलं तेल-तूप पचत नाही. शौचाला फिकट, तेलकट, घाण वासाचं होतं, ते तरंगतं आणि दोनदा पाणी टाकलं तरी जात नाही. पोट फुगतं, वजन ढासळतं. घरच्यांना वाटतं कॅन्सर खातोय. पुष्कळदा माणूस पचन न झाल्यानं उपाशी राहत असतो, आणि त्याला साधा उपाय आहे: पँक्रिएटिनच्या कॅप्सूल. मला त्या पहिले पाच आठवडे कोणी नीट समजावूनच दिल्या नाहीत. ‘जेवणानंतर’ असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. मी आंचवून, ओटा आवरून मग घ्यायचे. वजन सहा किलो उतरलं.

कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची. जेवण मोठं असेल तर एक सुरुवातीला, एक मध्यात. जेवण झाल्यावर घेतलेली जवळपास वायाच जाते, कारण ती अन्नात मिसळली तरच काम करते. चावायची नाही, गरम चहाबरोबर घ्यायची नाही. दूध, लस्सी, मूठभर दाणे, अर्धा खाकरा, कशालाही लागते; नुसतं फळ किंवा कोरा चहा असेल तर नाही. माझी सुरुवात जेवणाला २५,००० युनिटच्या दोन आणि मधल्या खाण्याला एक अशी होती. शौच सुधारलं नाही तर डॉक्टर डोस वाढवतात, आणि ॲसिडची गोळी जोडीला देतात, कारण जठरातलं आम्ल तिचं काम बिघडवतं.

आपल्या ताटात आधी मीठ वाढतात. ह्यांनी मिठाच्या त्या जागेवर कॅप्सूल ठेवायला सुरुवात केली. ताट समोर आलं की डावीकडे वर दोन कॅप्सूल दिसायच्या. विसरायचा प्रश्नच उरला नाही. तीन आठवड्यांत वजन उतरायचं थांबलं.

दोन गोष्टी कोणी आपणहून सांगत नाही. एक, या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मला हे महिन्यानं कळलं आणि दोन दिवस घास उतरेना. ह्यांनी वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, ‘तुझ्या मनाला पटेल ते कर, पण उपाशी राहून पटवून घेऊ नकोस.’ मी घेतल्या. तुमच्या घरी हा प्रश्न येणार असेल तर आधीच बोलून घ्या. नंतर कळून पेशंटनं गुपचूप बंद करणं हे फार धोक्याचं. दुसरी गोष्ट उन्हाची. बहुतेक डब्यांवर २५ अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात बडोद्यात स्कूटरच्या डिकीत काय तापमान होतं ते आपल्याला ठाऊक आहे. बाहेर जाताना लागतील तेवढ्याच एका डबीत, पर्समध्ये.

खाणं दिवसातून सहा-सात वेळा, थोडं थोडं. कॅप्सूल लागू पडली की तूप बंद करायची गरज नसते. उलट वजनासाठी ते हवं असतं. मला सकाळी मऊ उपमा किंवा रव्याची खीर, अकराला केळं आणि दाण्याची चिक्की, जेवणाला वरण-भात तुपासह आणि पनीरची सुकी भाजी, चारला राजगिऱ्याचा लाडू, रात्री मुगाची खिचडी-कढी असं चालायचं. पाणी जेवताना कमी, मधल्या वेळात जास्त. केमो चालू असताना बाहेरची सेव-उसळ, पाणीपुरी, उसाचा रस पूर्ण वर्ज्य. खंडेराव मार्केटातून आणलेली कोथिंबीर तीन पाण्यांतून धुवूनही हे शिजवूनच द्यायचे. हळदीचे अर्क, काढे, गोमूत्र, कोणी आणून दिलेल्या पुड्या: डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही नाही. काही केमोच्या औषधांशी भांडतात.

साखरेवर लक्ष ठेवा. स्वादुपिंडाचा तुकडा गेला की मधुमेह होऊ शकतो, आणि या मधुमेहात साखर नेहमीपेक्षा झटकन खाली येते, कारण ती सावरणारं हार्मोनही तिथेच बनतं. अंगाला घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. आमच्या पलंगाशी साखरेचं पाकीट आणि पेला कायम असतो. जीवनसत्त्वं ए, डी, ई, के आणि बी१२ अधूनमधून तपासून घ्या.

केमोचे चौदा दिवस

मला फॉलफिरिनॉक्स ही चार औषधांची केमो होती, दर चौदा दिवसांनी, एकूण बारा वेळा. अशा एकेका वेळेला सायकल म्हणतात. हे औषध कडक आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स आणि कॅनडातल्या अभ्यासात ऑपरेशननंतर हीच केमो सौम्य करून दिली होती. ती घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट याहून जास्त जगले) ५४ महिने निघालं, एकट्या जेमसिटाबिनवर ते ३५ महिने होतं. हा एकच आकडा मी ह्यांच्याकडून मागून घेतला होता, आठव्या सायकलला, सोडून द्यावंसं वाटलं तेव्हा. अंगात ताकद कमी असेल तर जेमसिटाबिन आणि कॅपेसिटाबिनचा पर्याय असतो. तो दुय्यम समजू नका; पेशंटला झेपेल तेच चांगलं.

शनिवारी रक्त तपासायचं. सोमवारी पाच-सहा तास खुर्चीत. छातीतल्या पोर्टला, म्हणजे औषध सोडण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीला, छोटा पंप जोडून घरी पाठवतात, तो सेहेचाळीस तास औषध सोडत राहतो, बुधवारी काढतात. ह्यांनी त्यासाठी माझ्या जुन्या साडीची गळ्यात अडकवायची पिशवी शिवून घेतली. रात्री कूस बदलताना नळी ओढली जाऊ नये म्हणून पंप उशीखाली न ठेवता दोघांच्या मध्ये ठेवायचो.

यातल्या ऑक्सॅलिप्लॅटिननं गारवा सोसवत नाही. पहिल्याच सायकलनंतर मी फ्रिजमधून ताकाचं भांडं काढलं आणि बोटांत सुया टोचल्या. सवयीनं तसाच घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा झाला, श्वास अडकतो की काय असं वाटलं. हे सहसा चार-पाच दिवसांत उतरतं. ह्यांनी फ्रिजच्या हँडलला लोकरीचा हातमोजा बांधून टाकला आणि प्यायचं पाणी कोमट करून थर्मासमध्ये ठेवलं. पुढच्या सायकलींत बोटांचा बधिरपणा उतरेनासा झाला, ब्लाउजची हुकं लागेनात, तर तेही डॉक्टरांना सांगा. डोस कमी करतात. लाजून सहन करण्यात अर्थ नाही, नंतर तो बधिरपणा टिकून राहू शकतो. इरिनोटेकाननं जुलाब होतात. लोपेरामाइड कधी आणि किती घ्यायचं ते लिहून घ्या आणि गोळ्या घरात आधीच ठेवा.

पंप चालू असताना आणि नंतर दोन दिवस संडासात दोनदा पाणी टाकायचं, उलटी वगैरे साफ करताना सोबतच्यानं हातमोजे घालायचे, त्या चादरी वेगळ्या धुवायच्या. जवळीक असेल तर तेवढे दिवस निरोध वापरायचा. पाठ थोपटायला, हात धरायला, एका अंथरुणात झोपायला काहीच हरकत नसते; काही घरांत उगाच पेशंटला वेगळी खोली देतात, तसं करू नका.

आणि ताप. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस. हा आकडा आमच्या फ्रिजवर लाल पेननं लिहिलेला होता. मेमधली एक रात्र, दीड वाजलेला, थर्मामीटरवर १००.८. मी म्हटलं, अहो, एक क्रोसिन घेते, सकाळी बघू. हे काहीच बोलले नाहीत. चपला घालून फाईल काखोटीला मारली आणि दारात उभे राहिले. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा पांढऱ्या पेशी जवळपास संपलेल्या होत्या. सलाईनमधून अँटिबायोटिक लगेच सुरू झालं म्हणून पाच दिवसांत घरी आले. केमोत ताप आला की गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही. यासाठी एक पिशवी दाराशी भरलेली ठेवा: फाईल, आयुष्मान किंवा विम्याचं कार्ड, चार्जर, कॅप्सूलची डबी, एक लुगडं, सोबतच्याची गोळी.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तरी असंच धावायचं. या आजारात रक्ताच्या गाठी इतर कॅन्सरपेक्षा जास्त होतात.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा माझी अकरावी सायकल होती. हॉस्पिटलकडचे रस्ते पाण्याखाली. केमो आठ दिवस पुढे गेली, त्यानं बिघडलं काही नाही. पण कॅप्सूल आणि साखरेच्या पट्ट्या दहा दिवस पुरतील इतक्या वरच्या कपाटात होत्या, म्हणून निभावलं. पावसाळ्यात तेवढा साठा ठेवाच.

दोघांमधलं

सगळं गोड नव्हतं. जेवताना हे माझे घास मोजायचे. ‘अजून एक, फक्त एक.’ एका दुपारी मी वाटी भिंतीवर फेकली. खिचडी ओघळत होती आणि दोघंही बघत बसलो. त्या रात्री नियम ठरला: एकदा विचारायचं, दुसऱ्यांदा नाही. दिवसाचा एकूण हिशोब वहीत बघायचा, घासाचा नाही. दुसरा नियम माझ्याकडून: दुखतं तेव्हा ‘ठीक आहे’ म्हणायचं नाही, शून्य ते दहा यातला आकडा सांगायचा. ह्यांना अंदाज बांधत बसावं लागलं नाही, मला चिडावं लागलं नाही. आणि ज्या दिवशी मी कपाळावर रुमाल बांधून बसेन त्या दिवशी आजाराबद्दल कोणी काही बोलायचं नाही.

गुरुवारची संध्याकाळ ह्यांची. माझी मैत्रीण येऊन बसायची आणि हे सूरसागरच्या कट्ट्यावर जुम्मादादा व्यायाम मंदिरातल्या लहानपणीच्या मित्रांबरोबर तासभर काढायचे. तिथे एकदा खूप रडले, असं मला वर्षभरानं त्यांच्या मित्राकडून कळलं. सोबतच्या माणसाला रडायला घराबाहेर एक जागा आणि एक माणूस लागतो. पेशंटनं ती वेळ आपणहून काढून द्यावी.

आलेल्या पाहुण्यांना नाही म्हणायचं काम नवऱ्याचं. नवरात्रात गरब्याहून परतताना लोक ‘जरा डोकावून’ जायला येतात. हे दारातच मास्क देऊन पाच मिनिटांची वेळ सांगायचे. वाईटपणा ह्यांनी घेतला.

पैसे

गुजरातमध्ये आयुष्मान कार्डावर जुलै २०२३ पासून पात्र कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत उपचार मिळतात. केंद्राच्या योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या वयाच्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांपर्यंत आहेत. कार्ड निदानाच्याच आठवड्यात काढायला टाका. खासगी विमा असेल तर एका दिवसापुरतं दाखल होऊन घेतलेली केमो (डे केअर) त्यात बसते का ते लेखी विचारा. बँकेचं खातं, नॉमिनी, गॅसचं बुकिंग, वीजबिल हे सगळं एकाच्याच डोक्यात किंवा फोनमध्ये असेल तर ते शांत दिवशी दुसऱ्याला शिकवा. आमच्याकडे ते माझ्याकडे होतं.

गाठ काढता येत नसेल तर

तेव्हाही वही, कॅप्सूल, ताप, साखर हे सगळं तसंच लागू आहे. जोडीला वेदनेचे डॉक्टर लवकर गाठा, शेवटी नव्हे. पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन दुखणं बरंच कमी करता येतं. मॉर्फिन सुरू झालं म्हणजे माणूस संपला असं मुळीच नाही. योग्य डोसात त्यानं माणूस उठून बसतो, जेवतो, नातवंडांशी बोलतो. फक्त बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत लागतं. केमो किती दिवस घ्यायची आणि कधी थांबवायची, हे पेशंटच्या तोंडून एकदा ऐकून ठेवा. जोडीदारानं हे विचारणं क्रूर वाटतं, पण न विचारता नंतर त्याच्यावर निर्णय येऊन पडणं त्याहून जड असतं.

नंतरच्या तपासण्या

पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी, सीए १९-९ आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा सीटी. पुढे अंतर वाढत जातं. स्कॅन आणि रिपोर्ट यांमधले दोन दिवस सगळ्यात वाईट. सीटी सकाळी लवकर घ्या आणि रिपोर्टच्या दिवशीच डॉक्टरांची वेळ ठेवा. रिपोर्ट जिन्यात उभं राहून फोनवर उघडायचा नाही, असं आमचं ठरलेलं आहे. पाकीट ह्यांच्याकडे असतं, खोलीत गेल्यावरच टेबलावर ठेवतात. वही आता तिसरी चालू आहे. डावीकडच्या पानावर हल्ली फक्त वजन आणि साखर असते, उजवीकडे पुढच्या भेटीचे तीन प्रश्न.